ओल्या पोळपाटावरचं रिंगण

मी ज्या दुकानात काम करते ते माझ्या मावसभावाचं. मंचरच्या बाजारपेठेतून जरा आत, एका पतसंस्थेच्या तळमजल्याला. बाहेर काचेत सन्मानचिन्हं मांडलेली असतात. बैलगाडा शर्यतींचा हंगाम असला की दिवसभर तेच काम चालतं. धावणाऱ्या बैलांचं चित्र सगळीकडे तेच, खाली गाडामालकाचं नाव तेवढं वेगळं. आतल्या खोलीत लेझरचं मशीन आहे आणि मी बहुतेक वेळ तिथेच असते. गिऱ्हाइकांशी दादा बोलतो. मला ते बरं वाटतं. मशीनला काही विचारायचं असेल तर बोलावं लागत नाही, करून बघावं लागतं.

लेझरचं काम म्हणजे कोरणं, असं लोकांना वाटतं. कोरतं मशीन. आपलं काम असतं वस्तू बरोबर जागी ठेवण्याचं. एकच की-चेन असेल तर जाळीवर कुठेही ठेवावी, मशीनच्या लाल ठिपक्याकडे बघत थोडी सरकवावी, झालं. पण तशाच ढीगभर असतील तर प्रत्येक वेळी नजरेनं जुळवताना एखादं नाव तिरकं जातंच. यावरची युक्ती दादानं मला पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. जाळीवर एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या भुश्शाच्या फळीचा, पातळ तुकडा घट्ट चिकटवायचा आणि मशीनकडूनच त्यात त्या वस्तूच्या मापाचं भोक कापून घ्यायचं. दादा याला ‘घर पाडणं’ म्हणतो. भोक मशीननंच कापलेलं असतं, त्यामुळे ते नेमकं कुठे आहे हे मशीनला माहीत असतं. मग वस्तू त्या घरात बसवायची, कोरून झाली की उचलायची, पुढची बसवायची. त्या रात्री जेवताना मी आईला हे सगळं हातवारे करून सांगितलं. आई म्हणाली, “बरं. भाजी घे अजून.”

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी लोणीहून दोघीजणी दुकानात आल्या. एक बचत गटाची अध्यक्ष. तिला सगळे ताई म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. दुसरी गटातली सगळ्यात वयस्कर, मावशी. ताईनं पिशवीतून स्टीलचं एक झाकण काढून काउंटरवर ठेवलं.

“भाऊ, ह्या झाकणाएवढं गोल पोळपाटावर काढून मिळंल का?”

“पोळपाटावर?” दादा म्हणाला. “खालच्या बाजूला नाव टाकून घेतात लोक. वरून कुणी काही कोरत नाही.”

“नाव कशाला? पापड एकसारखं व्हायला पायजेत. पुण्याचा दुकानदार म्हणतो, एक ताटाएवढा आन एक बशीएवढा, असला माल मी घ्यायचा न्हाई. त्याचं डबं एका मापाचं हायेत. मोठ्या पापडाच्या कडा तुटत्यात.”

“ताटाएवढा म्हंजे माझा,” मावशी म्हणाल्या.

“मी नाव घेतलं का कुणाचं?”

“घ्यायचं काय राहिलंय? सारी लोणी घेतीय.”

दादा हसला. मी आतल्या खोलीच्या दारातून बघत होते. झाकण डब्याच्या मापापेक्षा थोडं मोठं निवडलेलं होतं, कारण पापड वाळताना आक्रसतो. पोळपाटावर झाकणाएवढी रेघ असली की तिथपर्यंत लाटायचं आणि थांबायचं, एवढी साधी कल्पना. मला ती फार आवडली. आजवर आमच्याकडे जे काही कोरलं गेलं ते बघण्यासाठी होतं. ही रेघ वापरायची होती.

ताईनं आणखी एक सांगितलं. गटात ठरलं होतं, की नव्या पोळपाटांवर लाटायला बसायचं आणि पहिल्या दिवशी प्रत्येकीच्या पापडावर झाकण ठेवून बघायचं. जिचा पापड झाकणाबाहेर जाईल तिनं लाटायला न बसता वाळवण आणि भरण बघायचं. हे सांगताना ताई दादाकडे बघत होती आणि मावशी भिंतीवरच्या ट्रॉफ्यांकडे.

“वाळत घालायला काय,” मावशी कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या. “शाळंतल्या पोरीबी घालत्यात.”

पोळपाट जुन्नरच्या, लेथवर लाकूड घडवणाऱ्या एका कातारी चाचांकडून करून घ्यायचे ठरले. घ्यायला दादाबरोबर मीही गेले. चाचांचं दुकान पेठेत, लाकडाच्या भुश्शानं उंबरा दिसेनासा झालेला. आंब्याच्या लाकडाचे, पाय नसलेले चपटे पोळपाट, कारण गटातल्या बायका बाकड्यावर लाटत. चाचांकडे लोखंडाचं एक कडं होतं. झालेला प्रत्येक पोळपाट ते त्या कड्यातून खाली सोडून बघत.

“यातून जात न्हाय तो पोळपाट दुकानातून जात न्हाय, बेटा,” ते म्हणाले.

मी सगळे पोळपाट घ्यायच्या आधी एक स्वतः सोडून बघितला. कड्याला न घासता, पण मधे फट न ठेवता तो अलगद खाली उतरला. चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचा पोळपाट कड्यात धरला.

पहिल्या वेळी काम झरझर झालं. मी एक घर पाडलं आणि सगळे पोळपाट त्यात एकामागून एक बसले. ताईनं बजावलं होतं की रेघ काळी नको, काजळी पापडाला लागेल. म्हणून मी जोर कमी ठेवला. फिकट तपकिरी, चहाच्या कपाचा डाग उमटावा तशी रिंगणं उमटली. सगळी एकसारखी.

काही दिवसांनी दोघी परत आल्या. सगळे पोळपाट गोणीत भरून आणले होते.

“तेल लावलं की रेघच दिसंना,” ताई म्हणाली. “जरा गडद करून द्या. आन आजच द्या भाऊ, उडीद दळून आणलाय.”

तिला पिशव्या घ्यायच्या होत्या, ती बाजारात गेली. दादा बाहेर एका गाडामालकाशी बोलत उभा होता. मी गोणी उघडून पोळपाट काढत होते. मावशी आत आल्या आणि खुर्चीवर न बसता माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी एक पोळपाट हातात घेतला आणि अंगठा त्यावरून फिरवला. रेघ जिथे होती तिथून त्यांचा अंगठा तसाच पुढे गेला. मग त्यांनी मान तिरकी केली, कोंबडी बघते तशी, एका डोळ्यानं.

मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

“तेलाचं काय न्हाई,” त्या हळूच म्हणाल्या. “बाकीच्यांना दिसतीय. मलाच दिसंना. ह्या डोळ्यावर पडदा आलाय. मीच म्हनलं तेलानं जाती म्हणून, तर साऱ्याजणी हो म्हनल्या.”

मी मान हलवली.

“ताईला बोलू नको हां. डोळ्याचं कळलं तर झाकण ठेवायच्या आधीच उठवतील मला.”

“नाही बोलणार.”

“तू तशी कमीच बोलती,” त्या म्हणाल्या. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

मग मी पहिला पोळपाट घरात बसवायला गेले आणि तो बसेना.

आधी वाटलं मी घर चुकीचं लावलं. पण एमडीएफचा तो तुकडा मी जपून ठेवला होता, त्यावर तारीखही घातलेली होती. दुसरा पोळपाट घेतला. तो बसला, पण दाबून. तिसरा मुळीच बसला नाही. चौथा छान बसला. मी दादाला हाक मारली.

दादानं दोन-तीन लावून बघितले, कपाळाला आठ्या घातल्या आणि सरळ चाचांना फोन लावला, स्पीकरवर.

“चाचा, पोळपाट गोल नाहीत.”

“काय न्हाय?”

“गोल. गोल नाहीत.”

“अरे भाऊ, माझ्या लेथवर गोल सोडून दुसरं कायबी बनत न्हाय! चौकोन बनवायचा म्हनलं तरी गोलच बनतो!”

“मग घरात बसत का नाहीत?”

“तुमचं घर वाकडं आसंल. माझं कडं लोखंडाचं हाय, राव. तुमचं पुठ्ठ्याचं.”

“एमडीएफ आहे.”

“तेच ते!”

बाहेर थांबलेला गाडामालक पण हसायला लागला. दादाचं म्हणणं पडलं की व्होल्टेज कमी-जास्त झालं असेल आणि भोक चुकीचं कापलं गेलं असेल. मला ते पटलं नाही. भोक चुकीचं असतं तर सगळेच पोळपाट अडले असते. काही बसतात, काही अडतात, म्हणजे भोकानं काही केलेलं नव्हतं. मी बारीक माप घ्यायचं व्हर्निअर घेऊन एकेक पोळपाट मोजायला लागले.

हे सांगताना मला वाटतं की त्या वेळी मला काळजी वाटायला हवी होती. काम आजच द्यायचं होतं, मावशी डोक्याशी उभ्या होत्या. पण मला आठवते ती वेगळीच गोष्ट. मला फार मजा येत होती. न बसणारा प्रत्येक पोळपाट एका बाजूनं बरोबर मापाचा होता आणि आडव्या बाजूनं थोडा जास्त. थोडा म्हणजे नजरेला चटकन कळू नये इतका, पण घराबाहेर राहायला पुरेसा. मी जी बाजू जास्त त्या बाजूला पेन्सिलीनं खूण करत गेले. मग ते शेजारीशेजारी मांडले आणि खुणा एका दिशेला फिरवल्या.

तेव्हा दिसलं. सगळ्या पोळपाटांवरच्या लाकडाच्या रेषा आपोआप एका दिशेला आल्या होत्या, जणू एकाच फळीतून ते कापले असावेत. आणि पेन्सिलीच्या खुणा त्या रेषांना आडव्या होत्या. एकही अपवाद नाही. गोल वस्तूला उभं-आडवं नसतं असं मी धरून चालले होते. यांना होतं.

आणि मग दुसरी गोष्ट. मी रिंगणं मोजली. तीसुद्धा तेवढीच लांबट झाली होती. मी मशीनवर गोल काढलेलं रिंगण, मशीन सोडून गेल्यावर, कुणी हात न लावता, गोल राहिलं नव्हतं. मी तो पोळपाट किती वेळ हातात धरून बसले होते कोण जाणे. तो जड लागत होता. गालाला लावून बघितला तर गार लागला.

“मावशी,” मी म्हणाले, “हे पोळपाट कुठे ठेवले होते?”

“कुठं म्हंजे? घरोघर.”

“पाण्यात पडले होते का?”

“पडतील कशाला? घातले व्हते!” त्या माझ्याकडे, एवढं कसं माहीत नाही, अशा बघायला लागल्या. “नवा पोळपाट कोराच वापरतेत व्हय? पाण्यात मुरवायचा, मग तेल पाजायचं. त्यात तुमची ती जळकी रेघ. काळं सुटतंय का बघाया नको? कुणी रातभर ठेवला, कुणी नुसता पुसून घेतला. मी आपला दोन राती हौदात बुडवून ठिवला. वर तेल चोळलं, दोन्ही अंगानं. माझं काम पक्कं असतं.”

दादानं कपाळावर हात मारला. “आधी सांगायचं ना!”

“हे काय सांगायचं असतंय? आंघोळ करून आले हे सांगती का मी तुमाला?”

तर असं होतं. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. रेषांच्या दिशेनं जवळपास नाहीच, आडवं मात्र फुगतं. ज्या बाईनं नुसता पुसला तिचा पोळपाट घरात अलगद बसत होता, आणि जिनं हौदात बुडवला तिचा सगळ्यात लांबट. मावशींचा पोळपाट कुठला हे मला न विचारता कळलं. मी तो बाजूला काढून दाखवला तर त्या चमकल्या. “नाव तर टाकलं न्हाई त्यावर!”

ताई परत आली. दादानं सांगितलं की पोळपाट घेऊन जा, सावलीत वाळू द्या, उन्हात ठेवू नका, तडकतील, आणि मग आणा. ताई म्हणाली, परवा लाटायला बसायचंय, दळलेलं पीठ फार दिवस राहत नाही. दादा म्हणाला, मग आहे त्यावर गोल गडद रेघ मारून देतो, जुनी फिकट आहे, कोण बघतंय.

मी बघत होते. आज ओल्या लाकडावर गोल काढला तर तो जुन्या रेघेवर बसणार नाही, दोन बाजूंनी दोन रेघा दिसतील. आणि लाकूड वाळलं की आजचा गोल आडवा आक्रसून चपटा होणार. मावशींना एकच रेघ दिसेल, काळी, पण ती खोटी असेल. त्यांचा पापड रेघेला बरोबर आणि झाकणाला चूक.

“दादा,” मी म्हणाले, “पोळपाट बदललाय तर आपणच चित्र बदललं तर?”

घर काढून टाकलं. जाळीवर वरपासून खालपर्यंत एक सरळ पट्टी ठोकली आणि प्रत्येक पोळपाट असा ठेवला की त्याच्या रेषा त्या पट्टीला समांतर राहतील. एवढ्यानं फुगलेली बाजू दर वेळी मशीनच्या आडव्या दिशेला आली. मग कडेकडे बघायचं सोडून दिलं. लाल ठिपका जुन्या रिंगणाच्या डाव्या टोकावर नेला, मग उजव्या, वरच्या, खालच्या. त्या चार जागांवरून मध्य मिळाला आणि आडवं मापही. कॉम्प्युटरवर वर्तुळाच्या उंची-रुंदीला जोडणारं एक छोटं कुलूप असतं, एक वाढवलं की दुसरंही वाढतं. ते उघडलं, उंची तशीच ठेवली आणि रुंदी जुन्या रिंगणाएवढी केली. आता पडद्यावर होती ती लांबट रेघ, पोळपाटावरच्या रेघेइतकीच लांबट. लाकडाबरोबर ताणली गेलेली रेघ लाकडाबरोबरच परत येईल, असा माझा हिशेब होता.

मशीन चालवण्याआधी ठिपका नुसता फिरवून बघायची सोय असते. तो जुन्या रेघेवरून बाहेर न सांडता पूर्ण फेरी मारून आला तेव्हा माझ्या पाठीमागून ताई म्हणाली, “ह्यो तर दोरीवरून चालतोय!”

ओल्या लाकडावर रेघ गडद होईना. धूर कमी, वाफच जास्त. मग एका पोळपाटाच्या मागच्या बाजूला करून बघून मशीनचा वेग निम्म्यावर आणला. प्रत्येक पोळपाटाचं माप वेगळं, म्हणून प्रत्येकाची रुंदी वेगळी घातली. मावशींच्या पोळपाटाला सगळ्यात जास्त ताण द्यावा लागला. तो बाहेर काढल्यावर मी ओल्या फडक्यानं काजळी पुसली आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा फिरवला. या वेळी तो रेघेपाशी अडला.

“हां,” एवढंच म्हणाल्या त्या.

लाटायच्या दिवशी मी लोणीला गेले. काही काम नव्हतं. दादाला मी सांगितलं की पोळपाट वाळून गोल झाले का बघायचंय, आणि त्यानं हसून सुटी दिली. मावशींचं काय होतं तेही बघायचं होतं, पण ते मी सांगितलं नाही.

गटाचं काम शाळेमागच्या एका हॉलमध्ये चालायचं. लांब बाकडी, त्यावर एका ओळीत पोळपाट. दुसऱ्या टोकाला तेलाचा हात लावून पीठ तिंबलं जात होतं आणि सगळीकडे हिंगाचा आणि मिऱ्यांचा वास. मला कुणीतरी पाट दिला, चहा दिला, आणि आमच्याकडच्या बायका नव्या माणसाला विचारतात ते सगळं विचारलं. मी थोडक्यात उत्तरं दिली. झाकण हातात घेऊन जवळच्या दोन-तीन पोळपाटांवर ठेवून बघितलं. रिंगण झाकणाबरोबर जुळत होतं. गोल परत आला होता. ते बघून मला जे वाटलं ते मी तिथे कुणाला सांगू शकले नसते.

लाटणं सुरू झालं. प्रत्येकीचा पहिला पापड झाला की ताई ओळीनं पुढे सरकत त्यावर झाकण ठेवायची. बरोबर. बरोबर. एकीचा जरा आत राहिला, ती जीभ चावून हसली. मावशी ओळीच्या शेवटी बसल्या होत्या. त्या हळू लाटत होत्या, मान तिरकी, मधेमधे लाटणं थांबवून अंगठा कडेनं फिरवत. थांबल्या. ताईनं झाकण ठेवलं.

दोन्ही बाजूंनी पापड बाहेर डोकावत होता. नखभर, पण होता.

“सवय जाती व्हय कुणाची!” कुणीतरी म्हणालं आणि ओळभर हसू पसरलं. वाईट हसू नव्हतं ते. ताई हसली नाही. ती जरा वाकून मऊ आवाजात म्हणाली, “मावशी, आज वाळवणाकडं बघता का?”

मावशी लाटण्याला चिकटलेलं पीठ नखानं काढायला लागल्या. पापड कुठे बाहेर आलाय हे त्यांना दिसत नव्हतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. त्यांना वाटत असणार की खरंच आपलं चुकलं.

मी उठून जवळ गेले. पोळपाटावर झाकणाच्या बाहेर पापड होता, पण पापडाच्या बाहेर रेघ होती. काळी, बारीक, सगळीकडून सारखी. आणि पापड डोकावत होता तो लाकडाच्या रेषांना आडवा.

“पापड बरोबर आहे,” मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. ओळीत कुणीतरी अजून हसत होतं. मी पुन्हा म्हणाले, आणि या वेळी आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. माझे कान तापले.

“झाकण काढा, ताई. रेघ बघा. एका तरी जागी पापड रेघेबाहेर गेलाय का?”

ताईनं झाकण उचललं. शेजारच्या दोघी वाकल्या. कुठेही गेला नव्हता. उलट इतका नेटका रेघेशी टेकला होता, की ओळीतल्या बाकीच्यांपैकी कुणालाच तसं जमलं नव्हतं.

“मग बाहेर कसा येतोय?”

“रेघच लांबट आहे. मी लांबट काढलीय. पोळपाट ओला होता म्हणून. वाळला की ती गोल होणार. हा अजून आतून ओला आहे. दोन रात्री हौदात होता, वर तेल लावल्यामुळे पाणी आतच राहिलंय.”

“लाकूड काय पीठ हाय का लांबट व्हायला?” शेजारची म्हणाली.

“पापड वाळताना आक्रसतो ना, तसंच लाकूड. फक्त एकाच बाजूनं.”

हे बोलणं त्यांना पटलं की नाही कळेना. मी मावशींचा पापड उचलायला गेले, तो माझ्या हातून फाटला असता, म्हणून शेजारच्या बाईनंच मला बाजूला करून तो अलगद उचलला. मग मी रिकाम्या पोळपाटावर झाकण ठेवलं. पापड नव्हता, तरी दोन्ही बाजूंनी काळी रेघ डोकावत होती, नखभर.

“आगं बया!” ओळीतून कुणीतरी म्हणालं. आता सगळ्या उठून बघायला आल्या. झाकण काढून, ठेवून, फिरवून. चाचांचं नाव निघालं, माझ्या मशीनचं निघालं, मावशींच्या हौदाचं निघालं.

“दोन राती?” ताई म्हणाली. “मावशी, पोळपाट पाजायचा का बुडवून मारायचा?”

“माझं काम पक्कं असतं,” मावशी म्हणाल्या, पण आवाज अजून सावध होता. त्या माझ्याकडे नाही, ताईकडे बघत होत्या.

ताईनं स्वतःच्या जागेवरचा पोळपाट उचलून त्यांच्यापुढे ठेवला. “ह्याच्यावर लाटा.”

सगळ्या उभ्याच राहिल्या. मावशींनी अंगठ्यानं रेघ एकदा पूर्ण फिरून तपासली, मग लाटी घेतली. लाटताना त्या एकदाही वर बघत नव्हत्या. मी ताईच्या हातातल्या झाकणाकडे बघत होते. लाटणं थांबलं. ताईनं झाकण ठेवलं, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, मग बोट झाकणाच्या कडेनं फिरवलं.

“बसा,” ताई म्हणाली. “बसा आपापल्या जागेवर. मावशी, तुमीबी. पीठ सुकतंय.”

बायका पुन्हा ओळीत बसल्या. ताईनं मावशींचा लांबट पोळपाट भिंतीला टेकवून ठेवला, सावलीत. मी त्याच्यापाशी गेले आणि परत एकदा हाताला किती गार लागतो ते बघितलं. माझ्या मनात आता दुसराच प्रश्न घोळत होता, आणि मघाशी तोंड उघडल्यामुळे असेल, मी तो विचारून टाकला.

“मावशी, पावसाळ्यात हे सगळेच पोळपाट हवेतलं पाणी पिऊन फुगतील. मग रेघ परत लांबट होईल. तेव्हा काय करायचं?”

मावशींनी पापड उचलून शेजारच्या ताटात टाकला.

“पावसाळ्यात पापड कोण लाटतंय गं?” त्या म्हणाल्या, आणि बाकड्यावरून हात लांब करून पिठाच्या ताटाकडे बोटं हलवली. “ताई, लाटी सरकव. माझ्या म्होरं काय न्हाई.”